व्हितेर्बोची ‘कॉन्क्लेव्ह’ फेरी: छताची गोष्ट पुरेपूर, मतांचा हिशेब मात्र अर्धाच

रोमच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर व्हितेर्बो हे तटबंदीचे शहर आहे. पोप चौथे क्लेमेंट 29 नोव्हेंबर 1268 रोजी याच शहरात वारले आणि त्यांच्या जागी कोण बसणार हे ठरायला 1 सप्टेंबर 1271 उजाडला. म्हणजे मोजून 1006 दिवस ख्रिस्ती जगताला पोप नव्हता, आणि त्यांपैकी बराच काळ पोपची निवड करणारे कार्डिनल व्हितेर्बोच्या एकाच वाड्यात अडकून पडले होते. पोपच्या अशा बंद दाराआडच्या निवडणुकीला कॉन्क्लेव्ह म्हणतात. या निवडणुकीवर बेतलेली तीन तासांची पायी फेरी मी गेल्या वसंतात केली. त्या वाड्याचे, म्हणजे पोपच्या राजवाड्याचे, तिकीट धरून माणशी 25 युरो पडले. फेरी घडवून आणणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा त्या एका संस्थेपुरत्या नसून अशा फेऱ्यांच्या एकूण रिवाजाबद्दल आहेत.

रोमच्या ओस्तिएन्से स्थानकावरून प्रादेशिक रेल्वेने दोन तासांत पोहोचता येते. फेरी सकाळी साडेनऊला नगरपालिकेसमोरच्या प्लेबिश्चितो चौकात सुरू झाली. आम्ही चौदा जण होतो. प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटा रिसीव्हर आणि कानात एक इअरफोन देण्यात आले. माझ्या यंत्राची बॅटरी पहिल्या अर्ध्या तासातच संपली. बदली यंत्र मिळाले खरे, पण त्यात मार्गदर्शक बाईंच्या आवाजाबरोबर त्यांच्या गळ्यातल्या साखळीचीही खळखळ ऐकू येत होती. तिसऱ्या थांब्यावर मी ते कानातून काढले आणि सरळ त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. गट मोठा असेल तर हाच उपाय मी इतरांनाही सुचवीन.

खरी खंत मात्र यंत्राची नाही, गोष्ट सांगण्याच्या क्रमाची आहे. बाईंनी चौकातच, पहिल्या पाच मिनिटांत, सगळ्यांत रंजक तुकडा सांगून टाकला: कार्डिनल निर्णय घेत नाहीत म्हणून शहराने त्यांना कोंडले, तेवढ्याने भागेना म्हणून अन्न तोडून भाकरी-पाण्यावर आणले आणि शेवटी वाड्याचे छतच उचकटून काढले. सगळे मनसोक्त हसले. त्यानंतरच्या दोन तासांत हाताशी काही उरू नये अशीच ही सुरुवात होती. शिवाय कार्डिनलांना कोंडण्याचा प्रकार ‘जगात पहिल्यांदाच’ येथे घडला असे त्यांनी ठासून सांगितले, ते बरोबर नाही. 1241 मध्ये खुद्द रोममध्ये मात्तेओ रोस्सो ओर्सिनी या सिनेटरने कार्डिनलांना सेप्तिझोदिउम या पडक्या प्राचीन वास्तूत डांबले होते. त्या हालांत एक कार्डिनल दगावला आणि अखेर निवडून आलेले चौथे सेलेस्टाइन सतरा दिवसांतच वारले. व्हितेर्बोचे वेगळेपण कोंडण्यात नसून पुढे त्या कोंडण्याचा कायदा झाला यात आहे, आणि हा फरक सांगायला एक वाक्य पुरले असते.

हे कार्डिनल इतके का अडून बसले होते, हा या फेरीचा गाभा असायला हवा होता. प्रत्यक्षात त्याचे उत्तर ‘फ्रेंच आणि इटालियन यांचे पटत नव्हते’ एवढ्यावरच आटोपले. पटत नव्हते हे खरेच, पण न पटण्यामागे फार ताजे रक्त सांडलेले होते. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक 1250 मध्ये मेल्यापासून साम्राज्याच्या गादीवर सर्वमान्य असा कोणी बसलेला नव्हता. दक्षिण इटलीत त्याचा मुलगा मान्फ्रेड राज्य करीत होता. पोपच्या निमंत्रणावरून फ्रान्सच्या राजाचा भाऊ, आंजूचा चार्ल्स, इटलीत उतरला, 1266 मध्ये बेनेव्हेंतोच्या लढाईत मान्फ्रेड मारला गेला आणि सिसिलीचे राज्य चार्ल्सच्या हाती आले. दोनच वर्षांनी फ्रेडरिकचा नातू कॉनराडिन, वय अवघे सोळा, आजोबांचा वारसा परत मिळवायला जर्मनीतून आला. ऑगस्ट 1268 मध्ये ताल्याकोत्सो येथे त्याचा पराभव झाला आणि 29 ऑक्टोबरला नेपल्समध्ये भर चौकात त्याचे मस्तक उडवण्यात आले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने चौथे क्लेमेंट वारले. ते स्वतः फ्रेंच होते आणि चार्ल्सचे पाठीराखे होते. तेव्हा नवा पोप निवडायचा म्हणजे केवळ एक धर्मगुरू निवडायचा नव्हता, तर संपूर्ण इटलीवर या एका राजाचा अंमल पक्का होऊ द्यायचा की त्याला वेसण घालायची, याचा फैसला करायचा होता. चार्ल्सला घाई असण्याचे काही कारण नव्हते. पोपची खुर्ची रिकामी राहिली की त्याला जाब विचारणारेही कोणी उरत नव्हते.

त्यात नियमाची भर पडली. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेपासून, म्हणजे रोममधल्या चर्चच्या महासभेपासून, पोप होण्यासाठी कार्डिनलांच्या दोन-तृतीयांश मतांची अट होती. 18 जण मत देणार असतील तर 12 मते हवीत, म्हणजेच सात जणांचा घट्ट गट कोणाचीही वाट अडवू शकतो. दोन्ही बाजूंकडे अडवण्यापुरते बळ होते आणि निवडून आणण्यापुरते कोणाकडेच नव्हते. ही एवढी बेरीज-वजाबाकी चौकातल्या एखाद्या पायरीवर खडूने मांडली असती, तरी पुढची प्रत्येक वास्तू वेगळी दिसली असती. हे मी आधी वाचून गेलो होतो म्हणून मला अडले नाही. शेजारचे एक वृद्ध जोडपे मात्र शेवटपर्यंत एकमेकांना विचारत होते की या लोकांना भूक लागत नव्हती का.

चौकातून सान लोरेन्झो रस्त्याने आम्ही राजवाड्याकडे निघालो. वाटेत जेझू चर्चचा चौक लागतो. बाई तिथे न थांबता पुढे गेल्या आणि मी मनात एक मोठी फुली मारली. त्याविषयी पुढे लिहितो. पुढे कॅथेड्रलकडे नेणारा पूल येतो. त्याच्या पायातले प्रचंड चिरे एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या लोकांच्या, काळातले आहेत, हे त्यांनी नीट वाकून, बोटाने दाखवून सांगितले. दगड दाखवताना या बाई उत्तम असतात, हे पहिल्यांदा इथेच लक्षात आले.

सान लोरेन्झोच्या चौकात शिरले की समोर रुंद पायऱ्या, वर तटाच्या दात्यांसारख्या कंगोऱ्यांची राजवाड्याची भिंत आणि उजव्या हाताला सात कमानींची लोज्जिया, म्हणजे खुला सज्जा. सगळे काम पेपेरिनो या स्थानिक करड्या ज्वालामुखीय दगडाचे आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन लोज्जियाच्या मागून येत होते आणि एकमेकींत गुंतलेल्या कमानींची जाळी खालच्या फरशीवर सावलीने उमटली होती. खांब जोडीजोडीने उभे आहेत आणि इतके सडपातळ आहेत की वरचे दगडी जाळीकाम त्यांनी पेलावे याचे नवल वाटते. वरच्या पट्टीत शहराचे चिन्ह असलेला सिंह आणि गात्ती घराण्याची ढालचिन्हे कोरलेली आहेत. बाईंनी येथे दहा मिनिटे खर्च केली आणि ती सत्कारणी लागली. पोपचा दरबार 1257 पासून व्हितेर्बोत होता, रोममध्ये राहणे धोक्याचे झाले होते, आणि शहराचा कप्तान रानिएरो गात्ती याच्या पुढाकाराने हा वाडा 1266 च्या सुमारास पुरा झाला, लोज्जिया त्यानंतरच्या वर्षी झाली, हे त्यांनी ढालचिन्हांवरून वाचून दाखवल्यासारखे सांगितले. पाहुण्याच्या घरावर यजमानाने आपली मोहर कशी उठवली आहे हे त्यातून आपोआप कळते. पोपचा दरबार म्हणजे शेकडो कारकून, वकील, दूत, सावकार आणि त्यांचे नोकर. त्यांच्या घरभाड्यावर आणि खाण्यापिण्यावर शहर उभे राहते. तीन-चार वर्षांपूर्वी हौसेने बांधलेल्या वाड्याचे छत त्याच शहराला स्वतःच्या हाताने उतरवावे लागले, ही गोष्ट लोज्जियाखाली उभे राहून ऐकताना हसू येत नाही.

मुख्य सभागृहात आम्हाला फक्त वीस मिनिटे मिळाली. 25 युरोंपैकी निदान 15 मी या दालनासाठी मोजले होते असे धरतो, म्हणून ही कंजुषी खटकली. दालन लांबट आणि उंच आहे, दोन्ही बाजूंना जोडकमानींच्या खिडक्या आहेत, बाकी जवळपास रिकामे. छत गेल्यावर उन्हापावसापासून बचाव म्हणून कार्डिनलांनी आत तंबू ठोकले आणि त्यांच्या खुंट्यांची भोके फरशीत राहिली असे सांगतात. बाईंनीही सांगितले आणि अकरा मोबाइल एकाच वेळी जमिनीकडे वळले. भोकांबद्दल मी काहीच म्हणणार नाही. पण त्यानंतर बाईंनी आपल्या फाइलमधून एका पत्राची छायाप्रत काढली आणि फेरीतला सर्वांत चांगला क्षण त्या कागदामुळे आला.

हे पत्र 8 जून 1270 चे आहे. ओस्तियाचे कार्डिनल हेन्री, म्हणजे कायदेपंडित म्हणून युरोपभर मान असलेले सेगुसियोचे हेन्री, आजारी पडले होते. त्यांनी या निवडणुकीपुरता आपला मताचा हक्क सोडला आहे, तेव्हा त्यांना बाहेर जाऊ द्यावे, असे बाकीच्या कार्डिनलांनी शहराच्या अधिकाऱ्यांना लिहिले आणि खाली आपल्या मोहरा लावल्या. पत्राच्या अखेरीस स्थळ लिहिण्याची रीत असते. तेथे लॅटिनमध्ये लिहिले आहे: व्हितेर्बोच्या बिशपच्या ‘छत काढलेल्या वाड्यात’. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली, मग सावकाश शब्दांवर बोट ठेवत अर्थ सांगितला. ना तक्रार, ना विनोद, फक्त पत्ता. ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे अधिकारी आपल्याला कोंडणाऱ्या पोदेस्ताकडे, म्हणजे नगराच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, आणि कप्तानाकडे सहकाऱ्याच्या सुटकेची विनंती करतात आणि पत्त्यातच आपली अवस्था नोंदवतात. याच्याच शेजारी तोलेदोचे जॉन या इंग्रज कार्डिनलाच्या नावावर खपवली जाणारी ती प्रसिद्ध थट्टा, की छत काढा म्हणजे पवित्र आत्म्याला आत यायला वाट मिळेल, फार पातळ वाटते. बाईंनी ती थट्टा चौकातही सांगितली होती आणि इथे पुन्हा सांगितली. एकदा पुरली असती आणि वाचलेली दोन मिनिटे त्या पत्राला देता आली असती.

परतीच्या वाटेवर आमच्यातल्या दोघांनी विचारल्यामुळे जेझूच्या चौकात थांबणे झाले. तेव्हा कळले की बाईंना ही गोष्ट उत्तम माहीत आहे, केवळ वेळापत्रकात ती नाही. हे छोटेसे चर्च त्या काळी सान सिल्व्हेस्त्रो नावाने ओळखले जाई. मार्च 1271 मध्ये फ्रान्सचा नवा राजा तिसरा फिलिप ट्युनिसच्या क्रुसेडमध्ये, म्हणजे धर्मयुद्धात, मरण पावलेल्या आपल्या वडिलांच्या, नवव्या लुईच्या, अस्थी घेऊन परतत होता. तो आणि त्याचा काका आंजूचा चार्ल्स असे दोन राजे कार्डिनलांनी आता तरी निवड उरकावी म्हणून व्हितेर्बोत आले. त्यांच्याबरोबर इंग्लंडच्या राजाचा पुतण्या हेन्री ऑफ ऑल्मेन होता. 13 मार्चला तो या चर्चमध्ये प्रार्थनेला आला असताना गी आणि सिमोन द मोंतफोर्त या त्याच्या आतेभावांनी त्याला गाठले. 1265 मध्ये ईव्हशॅमच्या लढाईत त्यांचे वडील मारले जाऊन त्यांच्या प्रेताची विटंबना झाली होती, त्याचा हा सूड. हेन्री वेदीला बिलगला, तरी त्याला ठार मारले आणि प्रेत बाहेर ओढून आणले. यातला गी हा तोस्कानात चार्ल्सचाच प्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होता. राजवाड्यातून पायी काही मिनिटांवर, दोन राजे गावात असताना, चार्ल्सच्या माणसाने देवळात खून केला, आणि कोंडलेल्या कार्डिनलांकडून तरीही आणखी साडेपाच महिने निवड झाली नाही.

‘राजकीय अस्थिरता’ हे शब्द आपण किती सहज वापरतो, याचा विचार त्या दाराशी उभे राहून मनात आला. बाई येथे कागद न पाहता बोलल्या, आवाज खाली आला आणि यंत्रांची गरजही उरली नाही. संस्थेला माझी एकच सूचना आहे: फेरीची सुरुवात या चौकातून करा आणि छत शेवटी काढा.

निवडीचा शेवट त्यांनी घाईने गुंडाळला. तो असा: 1 सप्टेंबर 1271 रोजी सर्वांनी मिळून सहा जणांची समिती नेमली आणि तिला निवडीचा पूर्ण अधिकार दिला. त्या सहांनी त्याच दिवशी तेओबाल्दो व्हिस्कोंती यांचे नाव काढले. हे गृहस्थ कार्डिनल नव्हते, इतकेच काय, धर्मगुरूची दीक्षाही त्यांनी घेतलेली नव्हती. ते लिएजचे आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचे वरिष्ठ अधिकारी, होते आणि इंग्लंडच्या राजपुत्र एडवर्डच्या क्रुसेडसोबत पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर, अक्रे येथे होते. एडवर्ड म्हणजे खून झालेल्या हेन्रीचा चुलतभाऊ. हा धागा बाईंनी जोडला नाही याची चुटपुट लागली. दोन्ही गटांना जो माणूस चालला तो दोन्ही गटांपासून समुद्रापलीकडे होता. फेब्रुवारी 1272 मध्ये ते व्हितेर्बोला पोहोचले, मार्चमध्ये रोममध्ये आधी दीक्षा आणि मग पोपपदाचा अभिषेक झाला आणि ते दहावे ग्रेगरी झाले. 1273 मध्ये त्यांनी गी द मोंतफोर्तला बहिष्कृत केले.

1274 च्या ल्याँ येथील चर्चच्या परिषदेत दहाव्या ग्रेगरींनी केलेल्या नियमांचा भाग मात्र रंगला. पोपच्या मृत्यूनंतर दहा दिवस वाट पाहायची, मग कार्डिनलांनी एकाच दालनात बंद व्हायचे, तीन दिवसांत निकाल नाही तर दर जेवणाला एकच पदार्थ, आणखी पाच दिवसांनंतर फक्त भाकरी, पाणी आणि वाइन. व्हितेर्बोच्या अधिकाऱ्यांनी वैतागून जे केले त्याला पोपने कायद्याचे रूप दिले. ‘किल्लीने बंद’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांतून कॉन्क्लेव्ह हा शब्द आला, हे सांगताना बाईंनी खिशातून घराची किल्ली काढून दाखवली. गट पुन्हा हसला, आणि या खेपेला हसणे योग्य जागी होते.

कॅथेड्रलमध्ये जाण्याचा कार्यक्रम या फेरीत नाही, ही मोठी त्रुटी आहे, कारण ते राजवाड्याला लागूनच आहे. तेथे एकविसाव्या जॉनची समाधी आहे. हे पोर्तुगीज विद्वान 1276 मध्ये व्हितेर्बोतच पोप झाले आणि पुढच्या मे महिन्यात याच राजवाड्यातील त्यांच्या खोलीचे छप्पर अंगावर कोसळून काही दिवसांत वारले. 1281 मध्ये चौथ्या मार्टिनच्या निवडीवेळी लोक सभागृहात घुसले आणि त्यांनी ओर्सिनी घराण्याच्या दोन कार्डिनलांना ओढून नेले. त्यापायी शहरावर धार्मिक बंदी आली आणि पोपचा दरबार तेथून उठला. ही दुसरी निवडणूक फेरीत एका वाक्याचीही धनी नाही. शहराला ती अडचणीची वाटत असावी असा माझा संशय आहे.

पाचपैकी साडेतीन तारे मी देईन: एक त्या पत्राचा, एक लोज्जियाचा, एक जेझूच्या चौकाचा आणि अर्धा किल्लीचा. इतिहास अजिबात ठाऊक नसताना जाणाऱ्याला करमणूक होईल, थोडे वाचून जाणाऱ्याला त्याहून जास्त मिळेल. लहान मुलांना तीन तासांचे उभे राहणे झेपणार नाही. नोंदणी करतानाच गट किती जणांचा असेल आणि सभागृहात किती वेळ मिळेल हे विचारून घ्यावे, आणि जेझूच्या चौकात थांबण्याची विनंती जातानाच करावी. फेरी दुपारी साडेबाराला संपते. परतीची गाडी पोर्ता फिओरेन्तीना स्थानकावरून पकडली तर वाटेत सान फ्रान्चेस्को चर्च लागते. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात त्याचे मोठे नुकसान झाले होते, नंतर ते पुन्हा उभे केले. आत चौथ्या क्लेमेंटची दगडी समाधी आहे. मी गेलो तेव्हा चर्चमध्ये दुसरे कोणीही नव्हते आणि आत जायला तिकीट लागले नाही.